नॅन्सबाईंचे पुढचे दार

"ढकलू नका, पाळकसाहेब, उघडायचं नाही ते," शेजारचा म्हातारा ऑपी कुंपणावर कोपरे टेकून म्हणाला. "केझाया नॅन्सनं आतून कपाट लावलंय. सासऱ्यानं कॉर्नवॉलहून आणलेलं, ओकचं. तिघा गड्यांनाही हलायचं नाही."

एडविन ट्रेलोर यांनी दारावरचा हात काढला आणि कोटाच्या आतल्या खिशावर ठेवला. ऑपीची नजर त्या हातावर गेली, आणि जिभेवर आलेली पुढची थट्टा त्याने गिळली.

ऑस्ट्रेलियातल्या त्या गव्हाच्या मुलखात पुढच्या दाराने कोणी येत नसे. शेजारीण, सुईण, दूधवाला, सारे जाळीचे दार ढकलून मागून स्वयंपाकघरात येत. पुढचे दार नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. त्या वर्षी, १९१५ साली, महायुद्धामुळे त्यात तारेची भर पडली. सैनिकाच्या मृत्यूची तार धर्मगुरूंनी पोहोचवावी, अशी सरकारने व्यवस्था केली होती. दुःख आणि सांत्वन एकाच फेरीत घरपोच होत असे, आणि फेरीचा भत्ताही वाचे. परिणामी एप्रिलपासून ट्रेलोर गल्लीत दिसले की पडदे ओढले जाऊ लागले. अखेर त्यांनी उपासनेनंतर जाहीर केले: नुसताच भेटायला आलो तर मागून येईन, तार असेल तरच पुढून. गावाने सुटकेचा श्वास सोडला. ज्यांचा मुलगा हेडली त्याच युद्धात होता, त्या नॅन्सबाईंनी मात्र त्या वचनाचा शेवटपर्यंत विचार केला. पुढचे दारच नसले, तर तार येईल कुठून?

या तर्काला हसण्याचा अधिकार निदान लंडनच्या मुत्सद्द्यांना नव्हता. दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत जुन्या युद्धनौका घातल्या की तुर्कांची राजधानी आपोआप शरण येईल, हे त्यांचे अनुमान. नौका सुरुंगांवर बुडाल्या. मग अनुमान बुडू नये म्हणून किनाऱ्यावरच्या कड्यांखाली माणसे उतरवली. आठ महिन्यांनी ती परत काढली. कालच्याच पेपरात ती माघार झळकली होती: माणूस न गमावता, अतुलनीय, थक्क करणारी. पराभवावर इतकी प्रसन्न वाक्ये क्वचितच खर्च झाली असतील.

ट्रेलोर घराला वळसा घालून मागे गेले. हाक न देताच त्यांनी जाळीचे दार ढकलले.

"कोण, पाळकसाहेब? या, या, माश्या आत येतील, दार लावा आधी." नॅन्सबाईंचे हात कोपरापर्यंत पिठात होते. नाताळ तोंडावर आला होता, म्हणजे तिथला ऐन उन्हाळा; बाहेर लू वाहत होती आणि आत भट्टी पेटलेली. "वाचलंत ना काल? सगळे निघाले म्हणे. एकालाही ओरखडा नाही."

"वाचलं."

"मी ऑपीला म्हटलं, आता कपाट हलवायला ये. तर म्हणतो, कंबर धरलीये. गेली चाळीस वर्षं धरलीये त्याची कंबर. बसा ना. केशराचा केक केलाय. हेडलीला नाताळला हाच लागतो. तिकडे पाठवायचा, तर मधेच कोणीतरी खाऊन टाकेल. म्हटलं, इथंच करू, त्याच्या नावानं तुम्ही खा."

तिने ताटली पुढे ठेवली. ट्रेलोर बसले नाहीत.

"जुलैच्या सैन्यभरतीच्या सभेत तुम्ही नकाशावर काठी ठेवून सांगितलं होतं," ती कणीक मळत म्हणाली, "की ही सामुद्रधुनी म्हणजे शत्रूच्या घराचं दार. जोर लावणारे हात तेवढे हवेत. रागवू नका हं, पण उघडलं का हो ते?"

"नाही."

"मग एवढे दिवस काय करत होते सगळे तिथं?"

खिशातल्या तारेत मृत्यूची तारीख होती. तिथून निघायचे हे वरिष्ठांनी ठरवले, त्याच्या चार दिवसांनंतरची. जो किनारा सोडायचाच होता, तो अजून आपलाच आहे असे शत्रूला भासवण्यासाठी हेडली नॅन्स खंदकात उभा होता. ट्रेलोर यांना ग्रीक येत होते, हिब्रू येत होते. या वाक्याचे कोणत्याही भाषेत सांत्वनात रूपांतर होत नव्हते.

नॅन्सबाईंचे हात थांबले. पाळकाने हॅट काढली नव्हती, केकला हात लावला नव्हता, आणि येताना हाक दिली नव्हती.

"तुम्ही मागून आलात," ती म्हणाली.

"पुढं कपाट आहे, नॅन्सबाई."

भट्टीत लाकूड तडकले. तिने कणकेवर ओले फडके टाकले, कडा नीट दाबल्या.

"मग माझ्या हेडलीसाठी मागून येऊ नका," ती म्हणाली. "तो काही दूधवाला नव्हता. पुढून या."

"कपाट मी सरकवतो. तुम्हाला एकटीला..."

"जा म्हटलं ना."

ते पुन्हा वळसा घालून पुढच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. आत ओक फरशीवर घासल्याचा आवाज झाला, थांबला, बराच वेळ काहीच नाही, पुन्हा झाला. कुंपणापलीकडे ऑपीने टोपी काढून छातीशी धरली आणि उन्हात तसाच उभा राहिला. ट्रेलोर यांचा हात एकदा दाराकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

कडी निघाली. दार उघडले. एप्रन काढून तिने चॅपलला प्रार्थनेसाठी जातानाचा काळा ब्लाउज चढवला होता, गळ्यापर्यंत बटणे लावून. मनगटावर पीठ तेवढे राहिले होते.

"या," ती म्हणाली आणि हात पुढे केला.