दुसऱ्या खाचेतलं सिम

भास्कर आणि सुनेत्रा देवस्थळी तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगला लेकीकडे आले, ते फेब्रुवारी २०२०मध्ये. चौदा महिने झाले तरी ते तिथेच होते. सीमा बंद, विमानं असून नसल्यासारखी. परतीच्या तिकिटाची तारीख तीनदा पुढे गेली आणि मग तिच्याकडे कोणी बघेनासं झालं. लेक मयूरा हॉस्पिटलमध्ये नर्स, जावई यतिन पोर्ट केंब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात इंजिनिअर आणि नात ओवी सहा वर्षांची. सगळं तसं छान चाललं होतं. फक्त भास्कररावांचा फोन चौदा महिने एअरप्लेन मोडवर होता.

याला कारण रोमिंग. पुण्याहून निघताना त्यांनी महिनाभराचं रोमिंग पॅक घेतलं होतं. ते संपलं तसा त्यांनी फोनमधल्या विमानाच्या चित्रावर बोट दाबलं आणि पुन्हा काढलं नाही. भास्करराव टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी केलेले. त्यातली पहिली अकरा ट्रंक बुकिंगवर. परगावचा फोन म्हणजे तीन मिनिटं, आणि तिसरं मिनिट भरत आलं की मध्येच बोलून आठवण करून द्यायची, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. परदेशात आपल्या नंबरवर आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे आपल्यालाच पडतात, हे कळल्यावर तर त्यांना तो अन्यायच वाटला.

"मग इथलं सिम घ्या ना," सुनेत्राबाई म्हणायच्या. त्यांनी स्वतः दुसऱ्याच आठवड्यात सुपरमार्केटमधून प्रीपेड सिम आणलं होतं. भाजीशेजारीच टांगलेलं होतं म्हणे.

"माणसाला एक नंबर असावा," भास्करराव म्हणायचे. "बावीस वर्षं लोकांना माझा नंबर पाठ आहे. आता म्हातारपणी तो बदलू?"

"बदलायचा कुठे आहे? तुमच्या फोनला दोन खाचा आहेत. जुनं एका खाचेत, नवं दुसऱ्या खाचेत. वॉट्सॅप जुन्याच नंबरवर राहतं."

"सांगायला काय जातंय? एकदा घातलं की काय काय बंद पडेल, कोण जाणे."

टेलिफोन खात्यातल्या माणसाला टेलिफोनबद्दल काही सांगणं अवघड असतं.

घरात वायफाय होतं, तेव्हा अडत नसे. बाहेर पडलं की पंचाईत. समुद्रावर फिरायला जाताना सुनेत्राबाई आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावत आणि भास्करराव त्या आधारावर पुण्याच्या बातम्या वाचत चालत. पण हॉटस्पॉटचा टापू जेमतेम दहा पावलांचा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. त्यातली एक्केचाळीस भास्करराव पुढे आणि सुनेत्राबाई मागे, असं चालणं झालं होतं. आता सुनेत्राबाई हात हलवत पुढे चालत आणि भास्करराव फोनमध्ये डोकं घालून लगबगीनं मागे. ते मागे पडले की ओवी ओरडायची, "आजोबा, यू आर आउट ऑफ रेंज!"

सुनेत्राबाईंशिवाय बाहेर पडायची वेळ आली, तर फुकट वायफाय कुठे कुठे मिळतं हे त्यांनी डायरीत लिहून ठेवलं होतं. लायब्ररी, मॉल, एक कॉफीचं दुकान आणि ट्रेननं वीस मिनिटांवरच्या थिरूलची लायब्ररी. थिरूलपुढे 'सर्वोत्तम, खुर्च्याही चांगल्या' असा शेरा होता.

मग एप्रिल २०२१ उजाडला. ऑस्ट्रेलियात लोक पुन्हा ऑफिसला जाऊ लागले होते आणि पुण्यात मात्र दुसरी लाट आली होती. भास्कररावांचा धाकटा भाऊ नंदू हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. बारा दिवस घरात कोणी मोठ्यानं हसलं नाही. शेवटी पुतणीचा, मधुवंतीचा मेसेज आला: बाबांचा ऑक्सिजन काढला, जनरल वॉर्डात आणलंय, उद्या सकाळी दहाला माझ्या फोनवरून तुम्हाला व्हिडिओ कॉल करतील. पुण्याचे दहा म्हणजे इथले दुपारचे अडीच.

नेमका दुसऱ्याच दिवशी सकाळी भास्कररावांच्या लक्षात आलं की आपल्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात नवीनच कंपनीचं नाव दिसतंय.

"हे काय आहे?"

"दुसऱ्या खाचेत सिम घातलं आणि ते विमान काढलं," सुनेत्राबाई पोहे परतता परतता म्हणाल्या. "तुमच्या जुन्याला हातही लावलेला नाही. नंदूभावजींचा फोन यायचाय आज. ऐन वेळी वायफाय गेलं तर?"

"मला न विचारता?"

"चौदा महिने विचारतेच आहे."

भास्कररावांनी विमानाचं चित्र पुन्हा दाबलं, टाचणीनं ते सिम बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं, पोहे न खाता टोपी घातली आणि निघाले. दारातून म्हणाले, "मी माझ्या भावाशी माझ्या नंबरवरून बोलेन. थिरूलला."

दुपारपर्यंत ते समुद्रावर एकटेच फेऱ्या मारत राहिले आणि मग थिरूलची गाडी पकडली. ट्रेन समुद्राच्या कडेकडेनं जाते. एप्रिलचं कोवळं ऊन काचेतून मांडीवर येत होतं. बारा रात्रींची अपुरी झोप होती आणि पोटात राग सोडून दुसरं काही नव्हतं. थिरूल कधी आलं आणि कधी गेलं, ते भास्कररावांना कळलंच नाही. दचकून जागे झाले, ते दारं उघडल्याच्या आवाजानं, आणि आपलं स्टेशन गेलं या घाईत जे आलं तिथे उतरले. पाटीवर कोलक्लिफ लिहिलं होतं. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये फलाट. दुकान नाही, लायब्ररी नाही, माणूस नाही. परतीची गाडी तासाभरानं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून बोट दाबून विमानाचं चित्र बंद केलं. फोननं जरा विचार केला आणि एक मेसेज दाखवला: आपलं रोमिंग पॅक संपलेलं आहे. नवीन घेण्यासाठी इंटरनेटवर जा.

"अरे, इंटरनेटसाठीच तर पॅक हवंय!" भास्करराव फलाटाला म्हणाले.

ते रस्त्यावर आले. समोरून एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस काळ्या कुत्रीला घेऊन चालला होता. भास्कररावांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पण दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. भाऊ, हॉस्पिटल, इंडिया, अडीच वाजता कॉल, असं त्यांनी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "हॉटस्पॉट?"

"नो वरीज, मेट," तो म्हणाला. त्याचं नाव ग्रेग. पूर्वी कोळशाच्या खाणीत होता. त्यानं फोन काढला, पासवर्ड सांगितला आणि म्हणाला की कुत्रीच्या पायाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरनं दोन्ही वेळ चालवायला सांगितलंय, थांबली की बसते आणि बसली की उठत नाही. तेव्हा चालता चालता बोललं तर चालेल का?

चालणं भाग होतं.

बरोबर अडीचला फोन वाजला. पडद्यावर नंदू. गाल आत गेलेले, दाढी पांढरी, पण डोळे तेच.

"दादा!"

"बोल रे. बोल. कसा आहेस?" भास्कररावांनी विचारलं आणि तेवढ्यात चित्र गोठलं. ग्रेग वळणापलीकडे गेला होता. भास्करराव धावले. चित्र पुन्हा हललं.

"दादा, तू पळतोयस का?"

"पळत नाही. फिरायला आलोय."

"आणि तो पुढे कोण?"

"ग्रेग."

"कोण ग्रेग?"

"नंतर सांगतो. तू बोल."

पुढचा रस्ता पुलावर चढला. कड्यावरून दरड कोसळते, म्हणून तिथे रस्ताच उचलून समुद्रावर नेलाय. खाली लाटा, वर वारा, पुढे कुत्री, मागे ग्रेग आणि त्याच्यामागे हात लांब करून फोन धरलेले भास्करराव. नंदूला तिकडे कॉटवर हे सगळं हलतं दिसत होतं. तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला. कुणीतरी त्याला पाणी दिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला,

"दादा, आयसीयूत असताना एकदा नर्सनं स्वतःचा फोन दिला होता. म्हणाली, काका, कोणाशी बोलायचंय का? माझा फोन मधूकडे होता. मला एकच नंबर पाठ. तुझा. अकरा वेळा लावला. दरवेळी तेच. बंद आहे."

ग्रेग पुढे चालला होता. भास्कररावांचे पाय थांबले. चित्र गोठलं, नंदूचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि भास्करराव त्याच्याकडे बघत राहिले. वीसेक पावलं गेल्यावर ग्रेगनं मागे वळून पाहिलं. तो कुत्रीला घेऊन परत आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. कुत्री लगेच खाली बसली.

चित्र सुरू झालं.

"दादा? ऐकतोयस ना? अरे, रागावलो नाही मी. नंतर आठवलं, तू इकडे नाहीस. तेव्हा डोकं कुठे ठिकाणावर होतं!"

"नंदू," भास्करराव म्हणाले, "चूक झाली रे माझी."

"असू दे. मला तो समुद्र दाखव परत. जरा डावीकडे धर. नाही, तुझं नाक दिसतंय."

दहा मिनिटं ते दोघं, फोनमधला नंदू आणि बसलेली कुत्री असे सगळे पुलावर होते. ग्रेगनंही हात हलवून नंदूला "गेट वेल, मेट" म्हटलं. कुत्रीला मात्र उठवायला नंतर दोघांची ताकद लागली.

भास्करराव घरी पोहोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. ओवी चित्रं काढत होती. सुनेत्राबाई खिडकीशी बसल्या होत्या. टेबलावर सिम होतं तिथेच होतं.

"नंदूशी बोलणं झालं," भास्करराव म्हणाले. "बरा आहे. हसला."

"मला माहितीय. तुमच्यानंतर त्यांनी मला फोन केला. दादा कुणा ग्रेगच्या मागे धावतोय, काही भानगड आहे का, म्हणून विचारत होते."

भास्कररावांना हसू आवरेना. मग ते खुर्चीत बसले आणि नर्सचा फोन, अकरा वेळा, सगळं सांगितलं. सुनेत्राबाईंनी ऐकून घेतलं. एरवी त्यांनी दोन शब्द सुनावले असते. आज उठल्या, चहा टाकला आणि सकाळचे पोहे गरम करून त्यांच्यापुढे ठेवले.

"मी काय म्हणतो," घास संपवून भास्करराव म्हणाले, "जुन्यावर छोटंसं रोमिंग पॅक टाकू, आलेला फोन उचलण्यापुरतं. इंटरनेट आणि बाकी सगळं इथल्या सिमवर. दोन्ही चालू राहू दे."

"छान कल्पना आहे," सुनेत्राबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "कशी सुचली?"

संध्याकाळी यतिननं सिम घातलं. मयूरानं शिफ्टवरून आल्यावर बाबांचा नवा नंबर सेव्ह केला. पुढच्या मंगळवारी नंदू घरी गेला. अशक्तपणा होता, पण जीभ शाबूत होती. त्याला डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितलेली आणि हाती भरपूर वेळ. तो रोज दुपारी नव्या नंबरवर फोन करू लागला आणि गच्चीच्या जिन्याच्या किती पायऱ्या चढलो, ते सांगू लागला. पहिल्या दिवशी चार. शुक्रवारी नऊ.

त्यापुढच्या शनिवारी तो म्हणाला, "आज गच्चीत आलोय, दादा. हे बघ." आणि त्यानं फोन फिरवून वाळत घातलेल्या चादरी, पाण्याची टाकी आणि त्यापलीकडची टेकडी दाखवली.