परत द्यायची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, असं म्हटलं की आवारात येणारी माणसं हसतात. "ही जुनी? काहीतरीच काय! हिला तर कुणी हातसुद्धा लावलेला दिसत नाय," असं म्हणतात. त्यांचं खरं आहे. कुणी हात लावला नाही, हीच माझी गोष्ट आहे.

पेणच्या बाहेर हमरस्त्याला लागून एक मोठं आवार आहे. भाड्याची मुदत संपून परत आलेल्या गाड्या तिथं उभ्या असतात. त्यात कोपऱ्यातली पांढरी गाडी ती मी. अंगावर ओरखडा नाही, कुठं पोचा नाही. फक्त बोनेटवर एक वाकडंतिकडं स्वस्तिक आहे, तेलात कालवलेल्या कुंकवाचं. आवार सांभाळणारा हरेश रोज फडकं मारतो, पण तेवढी जागा सोडून मारतो. देवाचं काम आहे, कशाला पुसा, असं त्याला वाटतं. ते देवाचं आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथं सगळे पत्रे सारखेच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते प्रवीण म्हात्रे या माणसाच्या हाती किल्ली पडली तेव्हा. प्रवीण रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. नदीपलीकडं अष्टमीला फ्लॅट, घरात बायको ऋतुजा आणि छोटी प्रतिक्षा. कंपनीतून त्यानं मला लीजवर घेतलं. म्हणजे चार वर्षं वापरायचं, दर महिन्याला पगारातून पैसे कापून जायचे आणि मुदत संपली की परत करायचं.

सह्या करायच्या दिवशी लीजवाल्या ऑफिसचा नितेश म्हणाला, "सर, प्रोटेक्शन घेऊन ठेवा. परत घेताना आम्ही गाडी तपासतो. ओरखडा, पोचा, सीटवरचा डाग, सगळ्याचे पैसे लागतात. दर महिन्याला थोडं जास्त भरलंत, की शेवटी कुणी काही विचारणार नाही."

"घेऊन टाका ना," ऋतुजा म्हणाली. "घरात लहान मूल आहे. आई येणार-जाणार."

प्रवीणनं बराच विचार केला. पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. मग म्हणाला, "गाडी खराब करायची परवानगी विकत कशाला घ्यायची? सांभाळली की झालं."

झालं! त्या एका वाक्यावर माझी चार वर्षं गेली.

तिथून तो मला थेट जित्याला, पेणजवळच्या त्याच्या गावी घेऊन गेला, आईला दाखवायला. त्याची आई चंद्रावती. नवरा मिठागरात राबून राबून गेला, तेव्हापासून ती गणपतीच्या कारखान्यात कामाला होती. मूर्तीचे डोळे रेखायचं काम तिचं. त्याला तिकडं आखणी म्हणतात. रंग बाकीच्या बायका देत, पण डोळ्यांना चंद्रावतीच लागायची. तिचा हात एकदा खाली टेकला की रेघ पुरी होईपर्यंत हलत नसे.

ती ताट घेऊनच बाहेर आली. हळद, कुंकू, नारळ, लिंबं. बोट कुंकवात बुडवून ती माझ्या बोनेटवर वाकली आणि प्रवीण ओरडला, "आई, थांब! लावू नको. कुंकवाचा डाग जात नाय."

"अरे, नवी गाडी. स्वस्तिक नको?"

"आपली नाय गो ती. परत द्यायचीय."

चंद्रावती हसली. "गणपती पण परतच द्यायचा असतो रे. म्हणून काय कुणी त्याला कुंकू लावायचं सोडतं?"

"गणपती परत घेताना कुणी टॉर्च मारून बघत नाय, आई."

शेजारपाजारची माणसं खो-खो हसली. तीही हसली. मग तिनं काय केलं सांगू? बोट माझ्या पत्र्यापासून जरा वर धरलं आणि हवेतच स्वस्तिक काढलं. चारी रेघा सरळ, चारी टिंबं जागच्या जागी. मला काही लागलं नाही, काही वाटलंही नाही. नारळ लांब फाटकापाशी फोडला, करवंटी उडून काच फुटेल म्हणून. लिंबं तेवढी चाकाखाली ठेवू दिली. टायर झिजले तर चालतं म्हणे.

मित्रांनो, मग कामाची वर्षं आली. पण कामाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. अष्टमीहून पूल ओलांडून कंपनीत जायचं, कंपनीतून घरी यायचं, सुट्टीच्या वारी जित्याला. सीटवरचं प्लास्टिक कधी काढलंच नाही. प्रतिक्षाला बिस्किट खायला बंदी. पाय दाराबाहेर काढून झाडायचे आणि मगच आत घ्यायचे. ती बिचारी शिकली. पुढं पुढं ती गाडीत बसली की हालचालच करायची नाही. बिल्डिंगमधली माणसं म्हणायची, "काय ठेवलीय गाडी! शोरूममधून आत्ता काढल्यासारखी!" प्रवीणची छाती फुगायची. माझं आतून सगळं बधिर होत चाललं होतं. कौतुकही प्लास्टिकवरूनच घरंगळून जायचं.

चंद्रावतीसाठी मात्र वेगळी व्यवस्था होती. तिच्या बोटांना रंग असायचा. साबणानं घासली तरी नखांच्या कडांना सोनेरी राहायचाच. म्हणून प्रवीण तिच्या सीटवर पेपर अंथरायचा आणि दार स्वतः उघडून द्यायचा, स्वतः लावायचा. जित्याच्या बायका म्हणायच्या, "पोरगा बघ गो, साहेब झाला तरी आईला दार उघडून देतो!" दाराला तिचा हात लागू नये म्हणून तो उघडायचा, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. ती दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसायची, तीर्थ घ्यायला धरतात ना, तसे. पेण येईपर्यंत तसेच, नागोठणं येईपर्यंत तसेच, अष्टमीत उतरेपर्यंत तसेच.

आणि गणपती! दरवर्षी त्यांचा गणपती जित्याहून अष्टमीला यायचा. मला वाटलं, आता तरी मला काहीतरी मिळणार. पण ओला रंग, हार, गुलाल... प्रवीणनं टेम्पो ठरवला. मूर्ती मांडीवर घेऊन चंद्रावती टेम्पोत बसली. ते बघून ऋतुजाही प्रतिक्षाला घेऊन माझ्यातून उतरली आणि टेम्पोत जाऊन बसली. "अगो, तुम्ही कुठं चालल्या?" प्रवीणनं विचारलं. "गणपतीबरोबर," ती म्हणाली. टेम्पोत ताडपत्रीखाली सगळी भिजत, आरत्या म्हणत पुढं चालली होती. मागं मी, काचा बंद, एसी चालू, आत प्रवीण एकटा. त्यानं गाणं लावलं आणि थोड्या वेळानं बंद केलं.

आता पुढचं सांगते. हे सांगताना माझा आवाज हलणार नाही, कारण तेव्हाही माझं काही हललं नव्हतं.

चौथ्या वर्षी गणपतीच्या आधी, कारखान्यात कामाची घाई चाललेली. सुट्टीचा वार होता. प्रवीण आईच्या दारात मला पुसत होता. एवढ्यात कारखान्यातून बायकांचा आरडाओरडा आला. मूर्त्या ठेवायच्या मांडणीचा पत्रा निसटला होता आणि चंद्रावतीच्या उजव्या तळहातात खोल गेला होता. पदराचा बोळा हाताला दाबून ती चालतच बाहेर आली. बोळ्यातून रक्त टपटपत होतं.

"आई!" प्रवीण धावला. त्यानं दार उघडलं. आणि तिला बसवायच्या आधी, एकच क्षण, त्याचा हात मागच्या सीटवर पडलेल्या पेपराकडं गेला. मग त्यालाच कसंतरी झालं असावं. त्यानं हात मागं घेतला, तिला बसवलं आणि गाडी सोडली. पण तिनं ते पाहिलं होतं.

हमरस्त्याला लागल्यावर तिनं काच खाली केली. ती पुढं डावीकडं बसलेली आणि जखम उजव्या हाताला. तो हात खिडकीबाहेर काढायला तिला अर्धं वळून, जवळजवळ पाठमोरं बसावं लागलं. तशी ती बसली. हात बाहेर, डोकं काचेच्या कडेला टेकलेलं. प्रवीणला वाटलं, तिला मळमळतंय, वारा पाहिजे असेल. त्याचं सगळं लक्ष रस्त्यावर. समोरून एसट्या, डंपर, हॉर्न. तो फक्त म्हणत होता, "आलं हां आई, पेण आलंच."

दवाखान्याच्या दारात तो उतरून तिच्या बाजूला आला आणि जागीच थांबला. माझ्या दारापासून मागच्या चाकापर्यंत वाऱ्यानं रक्ताची लांबच लांब रेघ ओढली होती. आत सीटवर, खाली मॅटवर, एक थेंब नव्हता.

"आई, हात आत घ्यायचा ना गो."

चंद्रावतीचा चेहरा पांढरा पडला होता. ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "डाग पडला असता रे. परत द्यायचीय ना."

संध्याकाळी दवाखान्याच्या आवारातल्या नळावर प्रवीणनं मला धुतलं. रेघ सहज गेली. ती गेल्यावरही तो बराच वेळ पाणी मारत राहिला.

हात बरा झाला, पण आतली शीर तुटली होती. अंगठा आणि दोन बोटं बधिर राहिली. "काही लागत नाय गो," ती ऋतुजाला सांगायची, "सुई टोचली तरी कळत नाय." आखणी बंद झाली. कारखान्याच्या मालकानं तिला पॅकिंगला बसवलं. तिथंही ती जायची. तक्रार नाही. पण सुट्टीच्या वारी प्रवीण न्यायला गेला, की म्हणायची, "तू हो पुढं. मी एसटीनं येते." त्या सीटवरचा पेपर प्रवीणनं काढून टाकला होता. पण ती बसायला आलीच नाही.

मग मुदत संपली. माझ्या जागी प्रवीणनं लीजवर नवी गाडी ठरवली होती. आदल्या दिवशी नितेश अष्टमीला आला. टॉर्च मारून, वाकून, झोपून तपासलं. सीटचं प्लास्टिक उचलून पाहिलं. मग टॉर्च बंद करत म्हणाला, "सर, मानलं तुम्हाला! एवढी कोरी गाडी मी पाहिली नाही. प्रोटेक्शन घेतलं नाहीत तेच बरं केलंत. वाचलात!"

"व्हय," प्रवीण म्हणाला. "वाचलो."

दुसऱ्या दिवशी मला आवारात पोचवायचं होतं. पण प्रवीणनं मला पेणमध्ये थांबवलंच नाही. सरळ जित्याला घेऊन गेला. आईला दारात बोलावलं.

"आई, ताट आण. कुंकू आण. तेलात कालव."

"आता? आज तर द्यायचीय ना गाडी?"

"आजच द्यायचीय. तूच म्हणाली होतीस ना, गणपती पण परत द्यायचा असतो. त्याला पाठवताना उत्तरपूजा करतेस ना? मग कर."

चंद्रावतीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग उजव्या हाताकडं पाहिलं. "मला आता सरळ जमत नाय रे."

"नको जमू दे."

ती वाकली. बोट टेकलं. मित्रांनो, चार वर्षांत पहिल्यांदा ते बोट माझ्या अंगाला लागलं. त्या बोटाला काही कळत नव्हतं, आणि माझ्या पत्र्याला तरी कुठं काय कळत होतं! रेघ घसरली, परत आली, एक टिंब रेघेतच मिसळलं. ज्या हातानं हवेत चारी रेघा सरळ काढल्या होत्या, त्याच हाताचं हे स्वस्तिक. "वाकडं झालं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात कापला तेव्हाही आलं नव्हतं. प्रवीण तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "चुकलं माझं, आई," एवढंच म्हणत राहिला. ती बधिर हातानं त्याची पाठ चोळत राहिली आणि त्याचा शर्ट कुंकवानं माखला.

मग तो गाडीत बसला, पण दार उघडायला आला नाही. तिनंच उघडलं. हँडलला कुंकू लागलं, दाराला लागलं, पट्टा ओढताना पट्ट्याला लागलं. पेणपर्यंत तिनं हात डॅशबोर्डवर टेकून ठेवला होता.

आवारात नितेश बघतच राहिला. "सर, अहो, काल तर कोरी होती! हे पुसून देऊ का? नाहीतर पैसे लागतील. तुमचं प्रोटेक्शन नाही."

"लागू देत. पुसू नका."

"आणि नवीन गाडीला? प्रोटेक्शन घेणार की मागच्यासारखंच?"

या वेळी प्रवीणनं पेन खाली ठेवलं नाही. "घेणार," तो म्हणाला. "डाग पडणार हायत."

नवी गाडी शेजारीच उभी होती, राखाडी रंगाची. चंद्रावती तिच्याकडं गेली आणि दार उघडून बसली. जाताना तिनं एकदा मागं वळून माझ्या कपाळाकडं पाहिलं. मग दोघं गेली.

तर मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळ्याच जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मीही सांगते, जपा. पण तुमच्या गाडीत कुणी हात मांडीवर उताणे ठेवून बसलं असेल, तर एकदा वळून बघा. आणि त्यांना म्हणा, टेका हात. कुठंही टेका.

हरेश आज परत फडकं घेऊन आलाय. तेवढी जागा सोडून पुसतोय. त्या जागी मला अजून काहीतरी लागतंय.