तळ्याच्या पायरीवरचा दिवा

मित्रांनो, मी किहीमच्या तळ्याकाठचा एक जुना, पांढरा बंगला आहे. माझे उंच गोल खांब आणि त्यांवरचे त्रिकोणी कपाळ पाहून नवखे लोक मला कचेरीच समजतात.

मला दत्तात्रेयशेठ या लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधले. मुंबईतल्या सरकारी इमारतींचा थाट त्याच्या मनात भरला होता. माझ्या दारापासून थेट तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्या बसवताना दगड वाहणारी ठमाबाई पाण्यात पडली. ती सापडलीच नाही. शेठने तिच्या घरच्यांना शब्द दिला, "हे घर उभं आहे तोवर दिवेलागणीला वरच्या पायरीवर तिच्या नावाचा दिवा लागेल." उजेड दिसला की ती तळाशी निवांत राहील, असे गावकरी म्हणत.

शेठच्या मुला-सुनांनी शब्द पाळला. माझ्या दिवाणखान्यात लग्ने लागली, पाहुण्यांनी माझे तोंडभर कौतुक केले. मी फार सुखात होतो.

पुढे निकेतसाहेबांनी मला विकत घेतले. ठमाबाईची नात कृष्णाबाई तेव्हा माझी झाडलोट करी आणि दिवाही लावी. साहेबांनी पायऱ्यांवर नवी फरशी घातली, विजेचे दिवे बसवले आणि बजावले, "मावशी, तेलाचे डाग पडतात. उद्यापासून दिवा नको."

दुसऱ्याच संध्याकाळी वीज गेली. पायऱ्यांवर एक पिवळी ज्योत दिसली. 'ही बाई ऐकत नाही,' असे पुटपुटत साहेब ती विझवायला उतरले. ज्योत एक पायरी खाली होती. ते उतरले, तर आणखी खाली. ती पाण्याच्या आत जळत होती. मला ते दिसत होते, पण मला हाक मारता येत नाही. पाणी साहेबांच्या छातीला लागले.

तेवढ्यात दारातून कृष्णाबाई म्हणाली, "सायब, माघारी या. आज मी दिवा लावलाच न्हाय."

साहेब कसेबसे वर आले. कृष्णाबाईने दिवा लावला. "बस गं आजी, लावला बघ," ती पाण्याकडे पाहत म्हणाली. आतली ज्योत विझली.

साहेब मला कुलूप लावून गेले ते गेलेच. कृष्णाबाई मात्र रोज येत राहिली. गेल्या महिन्यात तीही वारली.

माझ्या भिंतींना ओल आली आहे, खांबांचा चुना गळतो आहे. मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझी डागडुजी करू नका. फक्त तो दिवा लावा. ठमाबाईला माझ्यापायी मरण आले, तिला दिलेला शब्द तरी सांभाळा. पाण्यातली ज्योत पुन्हा पेटली आहे आणि रोज एक पायरी वर चढते आहे. ती पाण्याबाहेर आली, काल सर्वांत वरच्या पायरीवर होती. आज ती माझ्या उंबऱ्याशी आहे, आणि मला माझे दार धरून ठेवता येत नाही.