आठ ग्रॅमची अंगठी आणि माझा मागचा टायर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझ्या वेगाचं आणि रूपाचं कौतुक ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठा. मी माझ्या मालकांना रस्त्यावर पाडलं आणि ते त्यातच गेले. चूक कोणाची हे लोक आपापल्या परीनं सांगतात. पाडलं मात्र मीच, म्हणून ही हकिगतही मीच सांगितलेली बरी.

अठरा वर्षांपूर्वी परंदवडीच्या नसीरभाईंनी मला तळेगावच्या दुकानातून घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, मेहरुननं, माझ्या हँडलला मोगऱ्याचा गजरा बांधला. सहा वर्षांच्या जावेदला टाकीवर बसवून नसीरभाईंनी गावाला दोन फेऱ्या मारल्या. जावेदनं वाटभर हॉर्न वाजवला आणि कोणी त्याला रागावलं नाही. तेव्हा मी फार मिजासखोर होते.

नसीरभाईंचा धंदा पावाचा. सकाळी तळेगावच्या बेकरीतून पाव, खारी आणि टोस्ट भरायचे, पत्र्याची मोठी पेटी माझ्या पाठीवर बांधायची आणि वराळ्यापासून सोमाटण्यापर्यंत दुकानं आणि घरं करत यायचं. माझा आवाज लांबून ऐकू आला की बायका चहाचं आधण ठेवायच्या. एकदा वराळ्यात एका बाईचे दिवस भरले होते आणि गाडी मिळेना, तेव्हा पेटी उतरवून तिला आणि तिच्या सासूला मीच दवाखान्यात पोचवलं. पुढं कितीतरी दिवस गावात माझं नाव निघायचं. माझ्याच कमाईवर जावेद शिकला आणि कंपनीत लागला. एवढी बढाई मारायला हरकत नाही, कारण ती खरी आहे.

मग वय झालं. किक चारदा मारल्याशिवाय मी जागी होईना. सोमाटण्याचा निलेश मेकॅनिक माझी नाडी ओळखून होता. त्यानं एक दिवस माझ्या मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"चाचा, पार गुळगुळीत झालाय ह्यो. ब्रेकबी धरंना. एवढी पेटी घिऊन तुमी उताराला जाता, हे काय बरं न्हाई."

"टाकू की," नसीरभाई म्हणाले. "पोराची मंगनी हून जाऊ दे."

तसे ते निष्काळजी नव्हते हो. माझ्या सीटखाली एका प्लास्टिकच्या पिशवीत ते रोज वीस-तीस रुपये टाकायचे. ते पैसे माझे होते. दोन टायर, ब्रेक आणि चेन. निलेशनं सांगितलेला आकडा पिशवीत जवळजवळ जमला होता आणि मी नव्या टायरांची वाट बघत होते.

जावेदचं लग्न लोणावळ्याच्या अफसानाशी ठरलं. मुलगी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधीच्या रविवारी बापलेक माझ्यावर बसून तळेगावच्या सराफाकडं गेले. मी दारासमोर उभी होते. अर्ध्या तासानं दोघं बाहेर आले, ते वाद घालतच.

"पाचाची चांगली व्हती की," नसीरभाई म्हणत होते. "नाजूक. फुलाची."

"अब्बा, अरहमच्या मंगनीत आठ ग्रॅमची व्हती." अरहम म्हणजे त्यांचा पुतण्या. "थाळी फिरली तवा एकेक बाई अंगठी हातावर तोलून बघत व्हती. आपली पाचाची फिरली तर काय म्हनतील?"

थाळीचं म्हणजे असं, मित्रांनो. मंगनीला मुलीसाठी आणलेला कपड्यांचा जोडा, सुकामेवा आणि अंगठी एका थाळीत मांडून बायकांमधून फिरवतात. प्रत्येक बाई अंगठी उचलते, तळहातावर जरा उडवते आणि शेजारणीकडं बघते. त्या बघण्याची जावेदला भीती वाटत होती. रात्रपाळ्या करून पैसे साठवणारा, कंपनीत अवजड मशीन चालवणारा पोरगा, पण त्या बघण्यापुढं तो नमला होता.

"अफसाना काय म्हनती?" नसीरभाईंनी विचारलं.

"ती म्हनती हलकीच घ्या. पन असं म्हनायचं असतंय, अब्बा. तोंडानं कोन मागतंय?"

नसीरभाई हसले. "आनि कमी किती पडत्यात?"

"सहा हजार."

नसीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी गाडी आहे, मला तोंड नाही, नाहीतर तिथंच बोंब ठोकली असती. त्यांनी सीट उघडली, पिशवी काढली आणि पोराच्या हातात दिली.

"हे कशाचे, अब्बा?"

"हायेत. घे."

जावेद क्षणभर थांबला. त्याची नजर उघड्या सीटवरून खाली गेली, माझ्या मागच्या चाकापर्यंत. मग तो पिशवी घेऊन आत गेला. त्याला कळलं होतं की नाही, हे आजही मला छातीठोक सांगता येणार नाही. मला वाटतं, कळलं होतं.

मंगनी थाटात झाली. लोणावळ्यात अफसानाच्या घरासमोरच्या मांडवाबाहेर मी उभी होते. थाळी फिरली. बायकांनी अंगठी तोलली, भुवया उंचावल्या आणि "वजनदार हाये" म्हणाल्या. मेहरुननं ती सुनेच्या बोटात घातली तेव्हा जावेदची छाती फुगली होती. नसीरभाई लांब बसून बिर्याणी खात होते आणि पोराकडं बघून खुशीत मान हलवत होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही आनंदच झाला होता.

त्याला पंधरा दिवस झाले असतील. सकाळचे सात वाजले होते. वराळ्याजवळ जिथं नव्या बिल्डिंगा उठताहेत, तिथं उतारावर डंपरमधली खडी सांडली होती आणि टँकर गळून रस्ता ओला झाला होता. साइटवरून एक डंपर मागं-मागं येत रस्त्यावर आला. नसीरभाईंनी ब्रेक दाबला. मी जीव खाऊन थांबायचा प्रयत्न केला. पण रस्ता धरून ठेवायला टायरवर काही उरलंच नव्हतं. माझं मागचं चाक बाजूला गेलं, ते पडले आणि पावानं भरलेली पेटी त्यांच्या छातीवर आली.

रोज त्यांच्याकडून पाव घेणाऱ्या बयाबाई धावत आल्या. "अगं माय, पाववालं चाचा हायेत हे! गाडी बगा रं कुनीतरी!"

नसीरभाई शुद्धीवर होते. ते म्हणाले, "पाव उचला, मावशी. भिजत्यात." एवढंच बोलले. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

मित्रांनो, माणसं रडून मोकळी होतात. मी पोलीस चौकीच्या आवारात आठ दिवस एका कुशीवर पडून होते.

मला घरी आणल्यावर निलेश भेटायला आला. मेहरुनपुढं दोन शब्द बोलून तो माझ्याजवळ आला, उकिडवा बसला आणि माझ्या टायरला हात लावून तसाच राहिला. जावेद मागं उभा होता.

"मी सांगितलं व्हतं चाचास्नी," निलेश म्हणाला. "ते म्हनले, मंगनी हून जाऊ दे. पैसं साठवलेत म्हनले, सीटखाली."

जावेद भिंतीला टेकून खालीच बसला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला ढकलत सोमाटण्याला नेलं. दोन्ही टायर, ब्रेक, चेन, सगळं नवं टाकून घेतलं. निलेश पैसे घेईना, तर जावेदनं ते जबरदस्तीनं त्याच्या खिशात कोंबले. मग त्यानं मला तशीच ढकलत घरी आणलं. तो माझ्यावर बसला नाही.

नसीरभाई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी अफसाना आईबरोबर आली. त्यांच्या नावानं फातिहाची प्रार्थना झाली, जेवणं झाली. ती हात धुवायला बाहेर आली तेव्हा जावेद माझ्याजवळ उभा होता. तिनं माझे नवे टायर पाहिले.

"गाडी दुरुस्त केलीस? आता कोण चालवणार ही?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. सराफाचं दुकान, थाळीची भीती, सीटखालची पिशवी. काही लपवलं नाही. तिनं मध्ये एकदाही त्याला तोडलं नाही.

"मी लाजून नव्हते म्हणाले, जावेद," ती म्हणाली. "मला खरंच हलकी हवी होती. दिवसभर हातमोजे घालून काम करते मी. ती जाड अंगठी घातली की मोजा फाटतो. मंगनीनंतर मी ती एकदाही घातलेली नाही. आईच्या कपाटात आहे."

तिनं आपला मोकळा हात त्याच्या पाठीवर ठेवला, मग काढून घेतला आणि ती आत निघून गेली.

लग्न पुढं ढकललं आहे. मोडलं असं कोणी म्हणत नाही, पण तारीखही कोणी काढत नाही. जावेद कंपनीच्या बसनं कामाला जातो आणि मला वळसा घालून चालतो. मेहरुन मला दर शुक्रवारी पुसते. माझ्या टायरांवरचे रबराचे बारीक केस अजून झिजलेले नाहीत. असले टायर घेऊन मी त्या उतारावर जागच्या जागी थांबले असते. पत्र्याच्या शेडखाली उभी राहून मी दिवसभर हाच विचार करते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, अंगठ्या घ्याल. हौसेनं घ्या. पण जिच्या बोटात ती जाणार आहे ती जे सांगते, ते खरं माना. आणि घरातलं कोणी डब्यातून, पदरातून, नाहीतर गाडीच्या सीटखालून पैसे काढून तुमच्या हातावर ठेवत असेल, तर ते कशाचे आहेत हे एकदा विचारून गप्प बसू नका. पुन्हा विचारा. ते चिडतील, तुमचं भांडण होईल. होऊ द्या. भांडून का होईना, माणूस संध्याकाळी घरी तरी येतो.