गर्दीत मागे सरणे

टेंभुर्णीचं इंटरनेट वाईट होतं, म्हणूनच अक्षताने तिथे खोली घेतली. गावातली चाळीसेक घरं एकाच वायरलेस जोडणीवर होती. संध्याकाळी सातला सगळे एकदम आले की ती तुंबायची. अशा गर्दीत माहिती पाठवणाऱ्या संगणकाने वेग किती कमी करायचा, हे ठरवणारी नवी पद्धत तिने संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत तयार केली होती. आता तिची चाचणी घ्यायला खरी गर्दी हवी होती.

जुन्या पद्धतीत माहितीचा एखादा तुकडा वाटेत हरवला की गर्दी झाली असं धरून वेग निम्मा होतो. अक्षताचं म्हणणं, तुकडे वाऱ्याने अँटेना हलली तरी हरवतात. दरवेळी कशाला मागे सरायचं?

सहा आठवडे ती वरच्या खोलीत एकटीच होती. सोमवारी मार्गदर्शक सुरेखा मॅडमचा फोन यायचा, तोही वेगाच्या आकड्यांपुरता. कधीकधी अख्खा दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. आकडे मात्र सुंदर येत होते.

एका संध्याकाळी घरमालकीण गोजरबाई मोबाइल घेऊन जिना चढून आल्या. त्यांचा मुलगा कल्याण मस्कतला होता. आपल्याकडच्या सातला त्याची सुट्टी झाली की तो व्हिडिओ कॉल करायचा.

"पोरी, बघ जरा. कल्याणचं तोंड दिसतंय, पण बोलणं अडकून राह्यलंय. लई दिवस झाले."

"किती दिवस, मावशी?"

"तू आल्यापासूनच म्हण."

अक्षताने हातातलं काम थांबवलं. चाचणी बंद करताच कल्याणचा आवाज स्वच्छ आला. "आई, जेवलीस का?" चाचणी पुन्हा लावली, तो गोठला. तिची पद्धत गर्दीतही हटत नव्हती. बाकीचे मागे सरत होते आणि त्यांची जागा ती घेत होती. सुंदर आकडे तिथून आले होते.

तिने मॅडमना फोन करून हे सांगितलं. शोधनिबंध पाठवायला आठ दिवस उरले होते.

"एकाच ठिकाणी दिसलं ना?" मॅडम म्हणाल्या. "अपवाद म्हणून लिही."

"त्या एका ठिकाणी मी राहते, मॅडम. हे मी पाठवणार नाही."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढचे दोन सोमवार मॅडमचा फोन आला नाही.

त्या दिवसांत अक्षताने पद्धत बदलली. तुकडे हरवताहेत आणि पोचायला उशीरही वाढतोय, तर ती गर्दी. तेव्हा मागे सरायचं. उशीर नसेल, तर तो वारा. आता आकडे जुन्या पद्धतीपेक्षा जेमतेम बरे होते. पण सातला खालून मायलेकांचं बोलणं अखंड ऐकू यायला लागलं.

तिने खाली जाऊन सांगून टाकलं, "मावशी, तो कॉल माझ्यामुळे अडकत होता."

गोजरबाई तांदूळ निवडायच्या ताटावरून हात काढून तिच्याकडे वळल्या.

"मंग आधी सांगायचं न्हाई का?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, त्यालाच बोलायचं न्हाई माझ्याशी."

 अक्षता वर गेली. दोन दिवस गोजरबाईंनी तिला हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी सातला तिने चाचणी लावली. खाली कॉलवर गोजरबाई कल्याणच्या कशावर तरी मोठ्याने हसल्या. अक्षता जिन्याच्या पायरीवर वही घेऊन बसली आणि आकडे उतरवत राहिली.