ओठांआधीचा आवाज

सभागृहातल्या खुर्च्या कधीच संपल्या होत्या. लोक भिंतींना, दारांना आणि जागा नाही म्हणून एकमेकांना टेकून उभे होते. समोरच्या भल्यामोठ्या पडद्याचे दोन भाग केलेले: एकीकडे मनकवडे महाराज, दुसरीकडे आपापल्या घरून त्यांना प्रश्न विचारणारी माणसं. महिन्यापूर्वीच्या थेट प्रसारणाचं ते रेकॉर्डिंग होतं.

आता उजवीकडे ताईचा चेहरा आला.

"बघा, नीट बघा! ओठ बंद आहेत!" व्यासपीठावरून महाराजांचा पट्टशिष्य ओरडला.

आणि कर्ण्यांतून ताईचा आवाज घुमला, "महाराज, माझ्या छातीत गाठ निघाली आहे. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. करू का?"

पडद्यावरची ताई मात्र ओठ घट्ट मिटून बसलेली. प्रश्न विचारून संपला तेव्हा कुठे तिचे ओठ हलायला लागले. आणि ते हलत होते तोवर महाराजांचं उत्तर येऊनही गेलं, तेही त्यांचे ओठ न उघडता: "सुरी लावून घेऊ नकोस, बेटा. गाठ मी वितळवतो. थांब."

सगळं सभागृह शहारलं. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. सभागृहात बसलेली ताई तर ढसाढसा रडत होती. तिच्या शेजारी बसलेली तिची धाकटी बहीण, घरातली बारकी, तेवढी रडत नव्हती. खुर्चीच्या टोकावर येऊन ती पडद्यावरचे ओठ पाहत होती आणि तिचा पाय सारखा हलत होता.

बारकी व्हिडिओ संकलनाचं काम करायची. लग्नं, शाळांची संमेलनं, कंपन्यांची भाषणं. दिवसभर लोकांचे ओठ आणि आवाज जुळवण्यात तिचा जन्म चालला होता. ओठ आणि आवाज वेगळे झाले की तिला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. पण नेमका खडा कुठला, हे तिला अजून उमगत नव्हतं.

महाराज स्वतः व्यासपीठावर आले. "लोक विचारतात, थेट प्रसारणात हे का दिसलं नाही? अरे वेड्यांनो, थेट दिसतं ते स्थूल! सूक्ष्म असतं ते मागाहून उमटतं. बैठकीच्या सुरुवातीला मी तुमच्या मनाचं दार नुसतं ठोठावतो. जसजसा वेळ जातो, तसतशी शक्ती चढत जाते. पहिल्या भक्ताचा आवाज ओठांच्या केसभर पुढे, शेवटच्याचा हातभर पुढे!"

टाळ्या पडल्या. बारकीचा पाय मात्र थांबला. वेळेबरोबर वाढत जाणारी तफावत! हे तिने कुठेतरी पाहिलं होतं.

घरी परतताना ती म्हणाली, "ताई, तू तेव्हा तोंडाने विचारलं होतंस ना गं?"

"विचारलं होतं. पण आधी मनात घोळवलं होतं ना, तेच त्यांनी ऐकलं."

"आणि ऑपरेशन?"

"नाही करायचं. डॉक्टरीणबाईंना कळवून टाकलंय." ताईने खिडकीबाहेर पाहिलं. "तू नको लागूस माझ्या मागे. मला आधीच भीती वाटते."

गाडी चालवत होते भावजी, ताईचे यजमान. हातातलं चाक त्यांनी उगाच घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बारकीच्या स्टुडिओत हजर. स्टुडिओ म्हणजे भिंतींना फोम चिकटवलेली, पंखा लावला तर गरम आणि बंद केला तर भट्टी होणारी एक खोली. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "ही बोलणार म्हणून त्या दिवशीचं सगळं प्रसारण मी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. बघ काही सापडतंय का. ती माझं ऐकत नाही, आणि मला दिवसरात्र काही गोड लागत नाही."

बारकीने फाइल साध्या प्लेअरमध्ये लावली. ताईचे ओठ हलले आणि त्याच क्षणी आवाज आला. तफावतीचं नाव नाही. मग तीच फाइल, तिला हातही न लावता, तिने संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली आणि शेवटाकडे नेली. ताई ओठ मिटून बसलेली, आणि आवाज बोलत होता.

"अगं, इथेही!" भावजी दचकून उठले.

"बसा, भावजी. महाराज इथे आलेले नाहीत." बारकीला हसूही येत होतं आणि रागही. "ताईला घेऊन या. आणि तिच्या शिवणवर्गाचं एखादं रेकॉर्डिंगही आणा."

ताई फोनवरून शिवण शिकवायची. बायका घरबसल्या बघायच्या. त्यातला सगळ्यात लांब धडा घेऊन दोघं दुपारी आले. ताई तोंड फुगवूनच बसली. बारकीने धडा सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि शेवटाजवळ चालू केला. कात्रीची पाती उघडीच, आणि कापड कापल्याचा कर्रकन आवाज आला. मग पाती मिटली. पडद्यावरची ताई गंभीर चेहऱ्याने सुई ओवत होती, आणि तिचंच खळखळून हसणं ऐकू आलं. हसू तोंडावर उमटलं ते कितीतरी मागाहून.

ताई पाहतच राहिली. "हे काय?"

"तुझी कात्री मनकवडी झाली."

"थट्टा नको. नीट सांग."

बारकीने खुर्ची जवळ ओढली. "फोन प्रसारण करतो ना, तेव्हा तो सेकंदाला ठरलेली चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला, नेट अडखळलं की कमी घेतो. सगळं सुरळीत असलं की जास्त. पण कुठलं चित्र कोणत्या क्षणाचं, याची खूण प्रत्येकावर असते. प्लेअर ती खूण वाचतो, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसतं. माझं हे जुनं सॉफ्टवेअर खूण वाचत नाही. ते समजतं की चित्रं एकसारखीच आली असणार, आणि ती ठरावीक चालीने मांडत जातं. जास्त आलेली चित्रं त्या चालीत मावत नाहीत, म्हणून चित्र रेंगाळतं. आवाज आपल्या वेळेवर चालतो, तो पुढे निघून जातो. जितकं रेकॉर्डिंग लांब, तितकी तफावत मोठी."

"शक्ती चढते ती हीच," भावजी पुटपुटले.

"हीच. म्हणून आम्ही असं रेकॉर्डिंग आधी रूपांतरित करून घेतो. सगळी चित्रं खुणेप्रमाणे एका चालीत बसवायची, मगच कापाकापी. त्यांच्या शिष्याने ते केलं नाही. पहिल्यांदा चुकून राहिलं असेल. पण चुकीला टाळ्या पडल्यावर दुरुस्त कोण करतो?"

तिने दोन्ही फाइली रूपांतराला लावल्या. पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ताई उठली, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा उठली. काम झाल्यावर बारकीने त्याच सॉफ्टवेअरमध्ये नव्या फाइली उघडल्या. कात्री मिटली, कर्रकन आवाज आला. ताईचे ओठ हलले, "माझ्या छातीत गाठ..."

"बंद कर," ताई म्हणाली.

"अजून थोडं. सभागृहात शेवटी महाराजांचा तो मौन आशीर्वाद दाखवतात ना, वर बासरी लावून? शेवटचे शब्द शिष्याने कापलेत, म्हणून उरलेलं चित्र मुकं चालतं; आणि थेट प्रसारणात तोवर तुम्ही सगळे उठून गेला होतात. मूळ काय आहे ते ऐक."

महाराजांनी हात उंचावला आणि ते वैतागून म्हणाले, "अरे, झालं का बंद? त्या गाठवालीनंतर डोकं उठलं माझं. पंखा मोठा कर!"

भावजींना हसू आवरेना. ताई हसली नाही. तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "गाठवाली! नावसुद्धा ठाऊक नव्हतं त्याला माझं." आणि तिने विचारलं, "डॉक्टरीणबाई रागावल्या असतील का गं?"

"रागावल्या तरी ऑपरेशन करतील."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा बैठक होती. बारकी नको म्हणत होती, तरी ताई गेली. तिला पाहून पट्टशिष्याने माइक तिच्या हातात दिला. "आली पाहा आपली भाग्यवान भगिनी! सांगा, गाठ कुठवर वितळली?"

"आधी महाराजांनी सांगावं," ताई म्हणाली. "मध्ये पडदा नाही, रेकॉर्डिंग नाही. मी समोर उभी आहे. माझ्या मनात या क्षणाला काय आहे?"

महाराजांनी डोळे मिटले. "श्रद्धा आहे, बेटा. थोडी शंकाही आहे."

"उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे आणि मी भीतीने गारठले आहे. ते आहे माझ्या मनात. गाठ तसूभरही वितळलेली नाही."

शिष्य माइककडे झेपावला, पण भावजी मध्ये उभे राहिले. ताईने झालेलं सगळं सांगितलं: फोनची चित्रं, कात्री, पंखा. कुणी "खाली बसा!" म्हणून ओरडलं, कुणी शिव्या घातल्या. बारकी मोबाइल उंच धरून म्हणाली, "माझं ऐकू नका. ज्यांच्या घरी संकलनाचं असं जुनं सॉफ्टवेअर आहे त्यांनी स्वतः करून पाहा. कुत्र्याचं तासभर प्रसारण करा, ते रेकॉर्डिंग त्यात टाका. कुत्रंसुद्धा तोंड न उघडता भुंकेल!"

मागे कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण. हसणाऱ्यांहून संतापलेले जास्त होते, हे खरं आहे. महाराज त्या गोंधळात मागच्या दाराने केव्हा गेले, कुणाला कळलं नाही.

तिघं बाहेर पडत असताना एक वयस्क गृहस्थ धापा टाकत मागून आले. "बाई, आमच्या हिची साखरेच्या आजाराची इंजेक्शनं महाराजांनी बंद करायला लावलीत. आज सकाळपासून ती ग्लानीत आहे. ती ग्लानी पण शक्तीच, असं म्हणाले."

"काका, घर कुठे आहे?" बारकीने विचारलं. भावजींनी गाडीचं दार उघडलंसुद्धा होतं. त्या बाईंना तसंच उचलून दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. ताईचंही ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर केलात, पण हाताबाहेर गेलेलं नाही." पुढे बरेच महिने उपचार चालले, ते सोपे नव्हते, पण ताईने एकही चुकवला नाही.

चित्र आणि आवाज जुळले नाहीत तर कुणाचा जीव जात नाही. त्या तफावतीत कुणी देव बसवला आणि आपण औषध सोडलं, की मात्र जातो. म्हणून डोळे विस्फारले की तोंडही उघडावं आणि विचारावं: हे घडतं कसं? ज्याच्याकडे खरं उत्तर असतं, तो असल्या प्रश्नावर रागावत नाही.