सात नंबरची हळद

"हळद कुटायला आलोय का दाखला काढायला?" शालूबाई माझ्या कानाशी पुटपुटली. तिच्या हातात गणपतरावांनी सहीनिशी दिलेली चिठ्ठी होती. आवक क्रमांक सात.

तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळून गणपतराव शहात्तर सालच्या दिवाळीत रिटायर झाले. गल्लीतला कृष्णात म्हातारा आपलं चटणी-मसाला कुटायचं कांडप यंत्र विकून मलकापूरला लेकाकडे निघाला होता. गणपतरावांनी फंडाचे सगळे पैसे देऊन ते घेतलं. चटणीचा हंगाम दोन महिन्यांचा. गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतल्या कांडपाकडे वळलं, तर फंड गेला आणि म्हातारपणही.

गल्लीला हे ठाऊक होतं. आणखीही एक ठाऊक होतं, पण ते कुणी बोलत नव्हतं. त्यांची बायको बाळाबाई जन्मभर लोकांची चटणी उखळात कुटत आली होती. आता ती दाराशी बसून मुकाट मिरच्यांची देठं खुडत होती. मालकांचा मान राहावा म्हणून.

"नंबर सहा!" गणपतरावांनी पुकारलं.

माझ्या मिरच्या कुटून झाल्या. लगेच, "नंबर सात!"

बाळाबाई अर्धवट उठली. "अवो, हळद आधी घ्यायची असती. आता मिरचीवर..."

"नंबर म्हंजे नंबर."

ती बसली.

हळद बाहेर आली ती केशरी. शालूबाईनं चिमूट नाकाशी नेली आणि तीनदा शिंकली.

"गणपतराव, परवा पोरीला हळद लागायची हाय! ही लावली तर नवरी मांडवात न्हाय, रंकाळ्याच्या पाण्यात जाऊन बसंल की!"

सगळी रांग हसली. मीही हसले. मग एकेकीनं पलीकडच्या कांडपाकडे जायला पाटी उचलली, तशी मी हसायची थांबले.

"शालू, थांब गं." बाळाबाईनं पदर खोचला. मूठभर तांदूळ कुटून यंत्राची कुंडी साफ केली. घरातली स्वतःची हळकुंडं आणून कुटून दिली, पिवळीधमक. मग चिठ्ठ्यांकडे न बघता तिनं पाट्या लावल्या: हळद, धणे, मिरच्या, लसूणवाल्या सगळ्यात शेवटी. मुसळं धडाधडा चालू झाली. रांग हलली.

गणपतराव बघत राहिले. चष्मा काढून पुसला. आपली खुर्ची उचलून यंत्राजवळ नेऊन ठेवली, आणि सगळ्यांदेखत म्हणाले,

"मला यातलं कायबी कळत न्हाय बघ. तू बस हितं. देठं मी खुडतो."